पेन्सिलीतलं पात्र शाईत येताना निर्जीव का होतं?

अर्धीरेघ

गेली दोन वर्षं मी नेमाने पात्रं काढतेय. सध्या एक म्हातारा घड्याळजी हातात आहे. पाठीतून वाकलेला, एका डोळ्याला भिंग लावलेलं, दुसरा डोळा बारीक केलेला, चिमट्यात एवढंसं दातेरी चाक. पेन्सिलीत तो इतका छान उतरला होता की दोन दिवस कागद टेबलावर उभा करून येता-जाता बघत होते.

मग शाई केली. अगदी सावकाश, श्वास रोखून, ०३ च्या पिगमेंट पेनने. वाळल्यावर खोडरबर फिरवला आणि खाली पुठ्ठ्याचा माणूस उरला. एकही रेघ चुकलेली नाही. पण आधी तो वाकलेला होता, आता कुणीतरी वाकवून ठेवल्यासारखा दिसतो. डोळ्यातली एकाग्रता गेली ती गेलीच.

पुढे ३०० डीपीआयला स्कॅन केलं, जेपीजी म्हणून सेव्ह केलं, कृता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये बादलीने, म्हणजे बंद भाग एका क्लिकने भरणाऱ्या साधनाने, रंग ओतले. तिथे दुसरं दुखणं: रंग आणि रेघ यांच्यामध्ये सगळीकडे बारीक पांढरी कडा राहते. मी ती ब्रशने एकेक बुजवत बसते, त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

माझं सामान: एचबी पेन्सिल, प्रिंटरचा साधा ८० जीएसएम कागद, ०३ चं एकच पेन, एक छोटा ड्रॉइंग टॅबलेट. पांढऱ्या कडेला काही ना काही तांत्रिक उपाय असेलच. पण जीव कुठल्या पायरीला जातो, ते मला खरोखर समजून घ्यायचंय. पूर्वी हे कुणाला झालं असेल आणि त्यातून वाट सापडली असेल तर सविस्तर लिहा.

टाकदौत

मला हे वर्षानुवर्षं झालंय, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमच्या कच्च्या रेखाटनात पाठीची रेघ एक नसणार. चार-पाच असतील, एकमेकींवर चढलेल्या, काही फिक्या, काही गडद. बघणाऱ्याचा डोळा त्यातून स्वतःच्या सोयीची रेघ निवडतो आणि दर वेळी थोडी वेगळी निवडतो. पेन्सिलीतली हालचाल येते ती तिथून. शाईत त्या पाचांतली एकच राहणार. ती कुठली, हे तुम्ही ठरवलं नाहीत तर हात मधली रेघ धरतो, कारण मधली सुरक्षित वाटते. मग पाठ थोडी सरळ होते, मान थोडी वर येते, आणि वाकलेला माणूस वाकवून ठेवलेला दिसू लागतो.

लहानपणी आपण अक्षरं गिरवायचो तेव्हा लक्ष कशावर असायचं? खालच्या ठिपक्यांवरून पेन्सिल घसरू नये यावर. अक्षराच्या वळणावर कुणाचंच लक्ष नसायचं. शाई करताना तेच होतं. डोळा पेनच्या टोकाला चिकटतो आणि रेघ जिथे पोचायची आहे ती जागा कुणी बघतच नाही. टोक ठेवा, नजर रेघेच्या शेवटावर न्या, आणि मग ओढा. आणि श्वास रोखू नका. सावकाश ओढलेल्या रेघेत हाताची बारीक थरथर उमटते. बेताच्या वेगाने ओढलेली रेघ ती गिळून टाकते. लांब रेघ कोपरातून आणि खांद्यातून येऊ द्या, मनगट बारीक कामाला ठेवा. कागद फिरवायचा कंटाळा करू नका. प्रत्येक हाताला एक वळण सहज जमतं, बहुतेक उजव्या हातांना खालून वर जाणारा बाहेरचा बाक. कागद असा फिरवा की अवघड रेघ त्या सहज वळणात येईल.

हे दुःख एकट्यादुकट्याचं नाही. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये चित्रकाराचं पेन्सिलीचं काम सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्यावर, शाईने उतरवायला वेगळा विभागच असे. अतिशय तयारीची माणसं असत तिथे, तरीही मूळ रेखाटनातलं काहीतरी निसटतं अशी चित्रकारांची खंत असायची. डिस्नेच्या स्टुडिओत झेरोग्राफीने, म्हणजे फोटोकॉपीच्या तंत्राने, पेन्सिलीच्या रेघा थेट सेलवर छापायला सुरुवात झाली आणि १९६१ साली त्या पद्धतीने केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. हेतू मुख्यतः खर्च आणि वेळ वाचवण्याचा होता, पण रेघ बघा त्यातली. खरखरीत आहे, मध्येच तुटते, आणि श्वास घेते.

गडदफिकट

टाकदौत यांनी रेघेच्या ओघाबद्दल लिहिलंय, मी जाडीबद्दल लिहितो.

०३ चं पेन म्हणजे साधारण ०.३५ मिमी. भिंगाची कडा ०.३५, गालाची सुरकुती ०.३५, टेबल ०.३५. सगळे एकाच आवाजात बोलताहेत. घड्याळजीचं वजन कुठे पडलंय ते आधी शोधा. कोपर टेबलावर टेकलं असेल तर तिथली रेघ सगळ्यात जाड. हनुवटीखाली, बाहीच्या आतल्या घडीत, जिथे एक वस्तू दुसरीच्या मागे जाते तिथे जाड. उजेड ज्या खांद्यावर पडतो तिथे बारीक, इतकी बारीक की मध्येच तुटली तरी चालेल. तुटलेली रेघ डोळा आपणहून जोडतो.

आणि वस्तूचा स्वभाव सांभाळा. भिंग धातूचं आणि काचेचं आहे, त्याची रेघ एकसारखी, कडक असू दे. बाहीची रेघ फुगती-आटती. हाताच्या शिरांना तर पूर्ण रेघसुद्धा नको, नुसत्या सुरुवाती द्या. कठीण आणि मऊ शेजारी-शेजारी आले की दोन्ही खरे वाटतात.

अजून एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात दुर्लक्षित आहे: काळं कुठे बसवायचं. शाई ही रेघेपुरती नसते. त्याचा ॲप्रन भरगच्च काळा केला, टेबलाखालचा भाग काळ्यात बुडवला, तर चेहरा आणि हात आपोआप पुढे येतील. मी शाईआधी अंगठ्याच्या नखाएवढी तीन-चार चित्रं करतो, फक्त काळं, पांढरं आणि एक करडा. तेवढ्यात घड्याळजी ओळखू येत नसेल तर मोठ्या कागदावरही येणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे, पण मी ते टाळलं तेव्हा दर वेळी पस्तावलोय.

अर्धीरेघ

दोघांचेही मनापासून आभार. तुमचं वाचून मूळ रेखाटनाचा फोटो पुन्हा काढून बघितला. पाठीला सहा रेघा आहेत! आणि मी खरंच मधली घेतली होती. सगळ्यात बाहेरची, मानेपाशी एकदम उतरणारी रेघ होती ना, माणूस त्या रेघेत होता.

जाडीसाठी टाक वापरावा का? कधी हातात धरलेला नाही. निब कुठली, शाई कुठली, काहीच कल्पना नाही.

टाकदौत

जरूर वापरा, पण पहिला आठवडा चित्र काढू नका. नुसत्या रेघा.

सुरुवातीला जी-निब बरी. तिची पाती लवचिक असतात पण जरा दणकट, त्यामुळे नवख्या हाताचा दाब सहन करते. मारू निब फारच नाजूक रेघ देते, ती नंतर. नव्या निबवर गंजू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो न काढता बुडवलीत तर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि लोक समजतात निब खराब आहे. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, शाई सारखी पसरेल. दाब फक्त स्वतःकडे ओढताना द्यायचा. वर ढकलताना दाबलंत तर टोक कागदाच्या तंतूत अडकतं आणि शाईचे शिंतोडे उडतात.

शाई जलरोधक इंडिया इंक घ्या. तिच्यात काजळीचा काळा रंग असतो, आणि पारंपरिक प्रकारांत त्याला धरून ठेवायला लाख. म्हणूनच ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, आत वाळली की पेन संपलं. टाकातही काम चालू असताना निब मधूनमधून पाण्यात बुडवून पुसत राहा.

आणि तुमचा तो प्रिंटरचा कागद बदला, ही सगळ्यात कळकळीची विनंती. त्यावर टाकाची शाई तंतूंमधून पसरते, रेघेला मिशा फुटतात. गुळगुळीत ब्रिस्टल बोर्ड घ्या. शाई वर बसते, कडा सुरीने कापल्यासारखी येते. फक्त वाळायला वेळ द्या. जाड काळ्या भागावरून लवकर खोडरबर फिरवला की तोंडाचा काळा डाग कपाळापर्यंत जातो.

सरळवाट

थोडा वेगळा सूर लावते. टाक सुंदर आहे, वाद नाही. पण अडचण रेघेच्या निर्णयाची असेल तर नवं अवजार घेऊन ती सुटत नाही. लक्ष निबकडे जातं आणि निर्णय मागेच राहतो. मी आजही बहुतेक काम दोन फाइनलाइनरवर करते, ०१ आणि ०५. आधी सगळं ०१ ने मोकळ्या हाताने, मग ज्या जागा जड हव्यात तिथे ०५ ने दुसरी रेघ पहिलीला चिकटवून, दोन्ही टोकांना निमुळती करत. टाकाइतकी लवचिकता नाही येत, पण विचार करायला उसंत मिळते. एक पूर्ण चित्र असं करा, मग टाकाकडे जा.

ब्रशपेनही आहे. तो मात्र हाताची प्रत्येक शंका मोठी करून दाखवतो. मला केसांसाठी आणि काळे भाग भरण्यासाठी आवडतो.

टाकदौत

सरळवाट, तुमचं म्हणणं मान्य. मी माझ्या आवडीच्या भरात सांगून गेलो. अर्धीरेघ, आधी दोन पेनांनीच करा.

पटल

मी स्कॅनच्या पुढचा माणूस आहे, म्हणून पांढऱ्या कडेवर येतो. पण त्याआधी खोडरबरबद्दल. खोडरबर ग्रॅफाइटबरोबर थोडी शाईही उचलतो, काळं करडं होतं. बारीक रेघांमध्ये जीव गेल्यासारखा वाटण्याचं अर्धं कारण तेही असू शकतं.

उपाय जुना आहे: फिक्या निळ्या पेन्सिलीने रेखाटन करा. छपाईचे कॅमेरे होते तेव्हा त्यांच्या फिल्मला फिका निळा आणि पांढरा सारखाच दिसायचा, म्हणून ती पेन्सिल रूढ झाली. आज स्कॅनर निळा पकडतो, पण आपल्याकडे चॅनल आहेत, म्हणजे चित्रातला लाल, हिरवा आणि निळा भाग वेगवेगळा बघता येतो. रंगीत स्कॅन करा आणि फक्त निळा चॅनल ठेवा. निळी पेन्सिल त्या चॅनलमध्ये जवळजवळ पांढरी असते, शाई तिन्ही चॅनलमध्ये काळीच. उरलंसुरलं लेव्हल्समध्ये (चित्राचं उजळ-गडद ठरवणारी सोय) पांढरा बिंदू थोडा आत ओढला की जातं. खोडायचं नाहीच. एवढंच, हात हलका ठेवा. मेणचट निळ्या पेन्सिलीचा जाड थर बसला तर शाई वरून घसरते. लाल पेन्सिल वापरत असाल तर लाल चॅनल ठेवायचा, तत्त्व तेच.

स्कॅन ६०० डीपीआयला. ए४ कागदाचे साधारण ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल होतात. फाइल मोठी वाटेल, पण काम मोठ्या मापात करून शेवटी निम्मं केलं की रेघेच्या कडा आपोआप गुळगुळीत होतात. कागदावरही छापायच्या मापापेक्षा मोठं काढायची जुनी रीत याचसाठी आहे. आणि जेपीजी अजिबात नको. काळ्या रेघेच्या आजूबाजूला त्याची धूळ उठते आणि ती धूळ बादलीला आडवी येते. पीएनजी किंवा टिफ ठेवा.

आता कडा. रेघेच्या काठाला करड्या पिक्सेलची एक पट्टी असते, तिच्यामुळेच रेघ गुळगुळीत दिसते. बादली पांढरं शोधत जाते आणि करडं दिसलं की थांबते. ती न भरलेली पट्टी म्हणजे तुमची कडा. मूळ चूक एकच आहे: रेघ आणि रंग एकाच थरावर (लेयरवर) आहेत.

रेघ वेगळी काढा. कृतामध्ये फिल्टरमध्ये ‘कलर टू अल्फा’ आहे, गिंप या दुसऱ्या चित्र-सॉफ्टवेअरमध्येही आहे. रंग पांढरा निवडा. पांढरं पारदर्शक होतं, करडे पिक्सेल अर्धपारदर्शक काळे होतात, काळं काळंच राहतं. हा थर सगळ्यात वर. रंगाचा थर त्याच्याखाली. बादलीला संदर्भ म्हणून वरचा थर द्या, आणि तिच्या पर्यायांमध्ये निवड दोन-तीन पिक्सेल वाढवायची सोय असते ती चालू करा. रंग रेघेच्या पोटात शिरतो आणि कडा उरत नाही. ज्या जागी रेघ मुद्दाम तुटलेली आहे तिथून रंग बाहेर सांडतो, त्याला कृताचा कलराइज मास्क बरा: प्रत्येक भागात त्या-त्या रंगाचा एक फराटा मारायचा, तो सीमा शोधून भरतो. गिंपमध्ये २०१९ च्या २.१०.१० आवृत्तीपासून बादलीलाच रेघ ओळखून भरायचा पर्याय आलाय.

सपाट रंग असे एकदा बसले की सावली वेगळ्या थरावर, मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचा रंग गडद करणाऱ्या मोडमध्ये. कृतात सपाट रंग आणि सावली एकाच गटात ठेवून सावलीच्या थराला ‘इनहेरिट अल्फा’ दिलात तर ती पात्राबाहेर जात नाही.

नवशिकी_पान

मध्येच विचारते, माझ्याकडे स्कॅनर नाही. फोनने फोटो काढला की एक कोपरा करडा आणि एक पांढरा येतो. लेव्हल्स ओढल्या की एकीकडची रेघ उडते, दुसरीकडे डाग राहतो.

पटल

फोटो काढताना कागद सपाट, फोन त्याला समांतर, आणि जरा लांबून झूम करून काढा. अगदी जवळून काढला की कडा फुगतात. उजेड दोन्ही बाजूंनी सारखा हवा, फ्लॅश नको.

त्यानंतरही उतार राहिला तर गिंपमध्ये असं करा: चित्राच्या थराची प्रत घ्या, तिला इतकं मोठं गॉशियन ब्लर द्या की रेघा विरघळून नुसता कागदाचा उजेड-अंधार उरेल, आणि त्या थराचा मोड डिव्हाइड करा. प्रत्येक पिक्सेल आपल्या भोवतालच्या उजेडाने भागला जातो, त्यामुळे कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो. मोठे भरगच्च काळे भाग असतील तर मात्र ते मधोमध फिकटतात, तिथे नंतर हाताने काळं भरावं लागतं. लेव्हल्स यानंतर.

नवशिकी_पान

जमलं! कागद सगळीकडे एकसारखा पांढरा आला. खूप खूप धन्यवाद.

थेटपडदा

मी कागदावर फक्त कच्चं करतो आणि शाई टॅबलेटवरच. स्टॅबिलायझर लावला की थरथर उरत नाही, चूक झाली की मागे जाता येतं. वाद घालायला लिहीत नाहीये, माझा अनुभव सांगतो. पहिलं वर्षभर माझी पात्रं अर्धीरेघ यांच्यासारखीच पुठ्ठ्याची यायची, आणि कारण निघालं झूम. मी ४०० टक्के मोठं करून नाक काढायचो. तिथे रेघ सुरेख, मागे आलो की चेहऱ्याशी तिचा संबंध नाही. आता नियम केलाय: पूर्ण पात्र पडद्यावर दिसतंय तेवढ्याच झूमला मुख्य रेघा, जवळ जायचं ते फक्त डोळे आणि बोटांसाठी. स्टॅबिलायझरही कमीत कमी ठेवतो. जास्त ठेवला की सगळे कोपरे गोल होतात, आणि म्हाताऱ्या बोटांचे सांधे कोपऱ्यांनीच बनलेले असतात.

दर थोड्या वेळाने चित्र आडवं उलटं करून बघतो. कागदावर तेच उजेडासमोर पाठीमागून बघून करता येतं. एक डोळा वर गेलाय हे सरळ बघताना मला कधीच दिसलेलं नाही.

गडदफिकट

थेटपडदा, सांध्यांचं अगदी पटलं.

रंगाबद्दल एक जोडतो. रंग भरताना अधूनमधून वर एक राखाडी थर टाकून रंगछटा काढून बघा. गडद-फिकट नीट बसलं असेल तर चित्र करड्यातही वाचता येतं. नसेल, तर कितीही रंग बदला, चेहरा मागे आणि टेबल पुढे असंच राहतं. आणि सगळ्या रेघा काळ्याच ठेवायची सक्ती नाही. रेघेचा थर वेगळा आहे, त्याची अल्फा (पारदर्शकता) लॉक करा, म्हणजे रंग रेघेबाहेर जाणार नाही, आणि गालावरची, पापणीवरची, भिंगातल्या चमकेजवळची रेघ गडद तपकिरी करा. काळं वजनाच्या जागी राहू दे.

अर्धीरेघ

दहा दिवसांनी परत आलेय. सविस्तर सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत.

आधी नखाएवढी चित्रं केली, पाच. चौथ्यात ॲप्रन काळा आणि टेबलाखाली काळं असं केलं आणि म्हातारा लगेच पुढे सरकला. मग ब्रिस्टलवर निळ्या पेन्सिलीने नव्याने काढला. जुनं रेखाटन खाली ठेवून उतरवलं नाही. समोर उभं केलं आणि बघून काढलं. पाठीची रेघ यावेळी बाहेरची घेतली.

शाईचे तीन कागद झाले. पहिल्यात भीती होती, दुसऱ्यात घाई. तिसऱ्यात पाठीची रेघ ०१ ने एका दमात आली, मानेपासून कमरेपर्यंत, आणि ती आल्यावर बाकीचं सगळं तिच्या मागे आलं. कोपराखाली ०५ ने तीनदा जाड केलं. भिंगाला नाण्याची कड धरून गोल घेतला, कडक दिसावा म्हणून. चिमट्यातलं चाक निळ्यात काढायचं राहूनच गेलं होतं, ते थेट शाईत काढलं. त्याचे दाते सारखे नाहीत. पण अख्ख्या चित्रात मला सगळ्यात जास्त तेच आवडतंय.

निळा चॅनल, ६०० डीपीआय, कलर टू अल्फा, सगळं पटल यांनी सांगितलं तसंच. पांढरी कडा नाही. रंग चाळीस मिनिटांत बसले, आणि मला वाटलं काहीतरी विसरलेय म्हणून पुन्हा पहिल्यापासून तपासलं. पापणी आणि गालाच्या रेघा तपकिरी केल्या. भिंगाची कडा काळीच ठेवली.

एक शंका उरलीय. कॉलरच्या मागे मानेची रेघ तुटलीय, दोन-तीन मिमीची फट असेल. तिथे पेन उचललं गेलं होतं. ठरवून केलेलं नाही. चित्र खाली जोडलंय, बघून सांगाल का, जोडू का ती?

टाकदौत

बघितलं, बराच वेळ. उजेड त्याच बाजूने येतोय, त्यामुळे फट बरोबर जागी पडलीय. मान तिथून वळते असं वाटतं. जोडू नका. उलट डाव्या बाहीची बाहेरची रेघ फार बंद आहे, पुढच्या वेळी तिथेही थोडं उघडं ठेवून बघा.

आणि चाकाबद्दल तुमच्याशी सहमत.

अर्धीरेघ

नाही जोडली. बाहीचं लिहून ठेवलंय. पुढचं पात्र या घड्याळजीची नात आहे, टेबलाखाली बसून सांडलेले स्क्रू वेचणारी. निळं रेखाटन आज सुरू केलं.